नाना कराडकर यांचा प्रतिसाद

‘टोपणनावच पाहिजे का? खरं नाव चालत नाही?’ नानांनी विचारलं.

‘चालतं. पण कुणी देत नाही.’

‘का बरं? आपण काय शिव्या द्यायला चाललोय का?’

माझे वडील माझ्या संगणकासमोर बसले होते, चष्मा कपाळावर चढवून, नाक पडद्याला लागेल इतके वाकून. टेलिफोन खात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले होते. यंत्राची भीती अशी त्यांना कधीच नव्हती, पण कीबोर्डवर मराठी अक्षरं कुठे दडून बसतात याचा त्यांना राग होता. एकेक अक्षर शोधून ते एका बोटानं दाबत आणि ते उमटलं की माझ्याकडे बघत.

‘तुम्ही सांगा, मी टाइप करते,’ मी म्हटलं.

‘नको. मत माझं आहे. मीच लिहितो.’

नाव ‘नाना कराडकर’ असं ठरलं. आमचं आडनाव पाटणकर, पण नाना म्हणाले, राहतो कराडला, तेवढं खरं असलं म्हणजे झालं. मग त्यांनी लिहिलं. मी स्वयंपाकघरात जाऊन भाजी फोडणीला टाकून आले तरी लिहितच होते. शेवटी हाक मारली, ‘बघ गं, काना-मात्रा.’

पडद्यावर एवढंच होतं:

‘लेखकमंडळींना नमस्कार. मी ही कथा पहिल्या भागापासून वाचत आहे. भार्गव या पात्राला मारू नये ही विनंती. तो काही करत नाही असे पुष्कळांचे म्हणणे आहे. ते खरेही असेल. पण तो असला की यानात बरे वाटते.’

मी त्यांना ‘पाठवा’ कुठे असतं ते दाखवलं.

‘आता हे त्या पुण्याच्या मुलाला दिसेल?’

‘दिसेल.’

‘मग ठीक,’ म्हणाले, आणि हात झटकून उठले.

पुण्याचा मुलगा म्हणजे अभिराम बर्वे. ‘पडवी’ नावाच्या एका मराठी संकेतस्थळावर आम्ही तिघं मिळून एक विज्ञानकथा लिहीत होतो. अभिराम, कॅनडातली डॉक्टर स्वरूपा आणि मी. ‘अपरान्त’ नावाचं एक प्रचंड यान, पृथ्वी सोडून निघालेलं, ज्याच्या पोटात माणसं जन्मतात, संसार करतात, मरतात, आणि पोचणार असतील तर त्यांची पणतवंडं. प्रत्येकानं आळीपाळीनं एकेक भाग लिहायचा, दर गुरुवारी टाकायचा. नियम एकच होता: दुसऱ्याचं पात्र विचारल्याशिवाय मारायचं नाही. सुरुवातीला गंमत म्हणून धरलेली ती कथा दुसऱ्या वर्षात गेली, तेव्हा तिला एवढे वाचक होते की गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत लोक ऑफिसात ती उघडून बसायचे. निदान तसं ते लिहायचे तरी. खाली प्रतिसादांची रांग लागायची. कुणी गुरुत्वाकर्षणाचं गणित तपासायचा, कुणी प्रमाणलेखन.

अभिरामच्या भागांत बंड व्हायचं, स्फोट व्हायचे. स्वरूपाच्या भागांत लोक प्रेमात पडायचे. माझ्या भागांत भार्गव असायचा. भार्गव यानातला देखभाल इंजिनिअर. पाण्याच्या नळ्या दुरुस्त करत या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडायचा, भेटेल त्याच्याशी बोलत उभा राहायचा, कुणाच्या घरी वास आला की जेवायला थांबायचा. गाणं सुरात म्हणता येत नसताना म्हणायचा. शपथ घेऊन सांगते, त्याच्या हातून कथेत काहीही घडत नव्हतं.

‘हा भार्गव नुसता नळ दुरुस्त करत फिरतो. यान आहे की नगरपालिका?’ हा ‘मंगळकर’ नावाच्या वाचकाचा प्रतिसाद. मंगळकर हुशार होता आणि तिखट लिहायचा. त्याच्या प्रतिसादाखाली हसण्याच्या चिन्हांची माळ लागायची. मग दुसरा लिहायचा, ‘वृंदाताईंचा भाग म्हणजे जाहिरातींची वेळ, चहा करून घ्या.’

मी ते वाचायची, आणि पुढच्या वेळी भार्गवला आणखी दोन पानं द्यायची.

नाना दर गुरुवारी जेवताना विचारायचे, ‘आज भार्गव आहे का?’ असला तर ताट बाजूला सारून आधी वाचायला बसायचे. नसला तर, ‘बरं, मग उद्या वाचतो.’ याहून जास्त आम्ही दोघं त्याबद्दल कधीही बोललो नाही. भार्गव कोण आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. पण एका भागात भार्गव आमटीत गूळ कमी पडला म्हणून यजमानीणबाईंच्या डब्यातला खडा स्वतःच उचलून घेतो असं मी लिहिलं होतं, तेव्हा बाहेरच्या खोलीतून नानांचं हसू ऐकू आलं, आणि मग बराच वेळ नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज.

माझा धाकटा भाऊ श्रीरंग त्याआधी चार वर्षं गेला होता. घाटमाथ्यावर एका बोगद्याचं काम चाललं होतं, तिथे तो साइट इंजिनिअर होता. आत दरड कोसळली. मी तेव्हा चिपळूणच्या कॉलेजात शिकवत होते, घरातली सगळ्यांत जवळची मीच, म्हणून मीच आधी पोचले. नाना कराडला होते आणि त्यांची बायपास नुकतीच झाली होती. आई त्याआधीच गेलेली. नानांना रात्री फोन गेला तो सगळं संपल्यावर. ‘दरड अंगावर आली, नाना. जागच्या जागी गेला. काही कळलंसुद्धा नसेल त्याला.’ हे मी सांगितलं. कंपनीनंही तेच सांगितलं, पेपरातही तेच आलं. नंतर मी कराडला बदली मागून घेतली आणि आम्ही दोघं एका घरात राहू लागलो.

नानांच्या प्रतिसादाला संध्याकाळपर्यंत उत्तरं आली. मंगळकरनं लिहिलं, ‘काका, विनंती अर्ज मुख्याध्यापकांमार्फत पाठवा.’ आणखी एकानं लिहिलं, ‘बरं वाटण्यासाठी बाम लावावा.’ ‘स्नेहांकिता’ नावाच्या एका बाईंनी मात्र, ‘मलाही भार्गव आवडतो, काका,’ असं लिहिलं होतं. नानांनी सगळं वाचलं. मंगळकरचं त्यांनी दोनदा वाचलं.

‘वयानं लहान असेल,’ म्हणाले.

भार्गवला मारण्याची गोष्ट निघाली कुठून, तर मतदानातून. कथा लांबते आहे, पात्रं फार झाली, अशी ओरड होती, तेव्हा अभिरामनं साइटवर वाचकांचा कौल लावला: कुणाला रजा द्यावी? मला न विचारता लावला. मी फोन केला तर हसून म्हणाला, ‘अगं, गंमत आहे. लोक गुंतून राहतात.’ भार्गवला इतकी मतं पडली की दुसऱ्या नावाला डिपॉझिट राखता आलं नाही.

‘कौल आहे, आदेश नाही,’ अभिराम म्हणाला. ‘भार्गव तुझा आहे. मला माहीत आहे तो कोण आहे ते.’

त्याला माहीत होतं, कारण मीच सांगितलं होतं.

आदल्या हिवाळ्यात पुण्यात ‘पडवी’च्या लोकांचा मेळावा झाला होता. तो संपल्यावर अभिराम आणि मी डेक्कनवर एका हॉटेलात कॉफी घेत बसलो. तो माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, सॉफ्टवेअरमध्ये, बोलायला फार गोड. समोरच्याचं ऐकताना त्याचे डोळे हलायचे नाहीत. असं ऐकणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

‘एक विचारू?’ तो म्हणाला. ‘माझ्या भागाला लोक फाडतात तेव्हा मी दोन शिव्या घालतो आणि झोपतो. भार्गवला कुणी काही बोललं की तू चार दिवस फोन उचलत नाहीस. का?’

मी सांगितलं. सगळं सांगितलं. नानांना जे सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. जे मी चार वर्षं कुणापाशी बोलले नव्हते ते त्या गजबजलेल्या हॉटेलात, शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चाललेला असताना, मी एका दमात बोलून गेले. अभिरामचे डोळे भरले. खोटं नव्हतं ते, मी आजही म्हणेन. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

‘हे आपल्यातच राहील,’ तो म्हणाला.

कौलानंतरचा गुरुवार अभिरामचा होता. सकाळी त्याचा निरोप आला: ‘आजचा भाग वाचण्याआधी एकदा बोलू.’ मी तासावर होते. दुपारी बघितलं तेव्हा त्यानं भाग टाकलेलाही होता. मी त्याला फोन लावला, तो व्यस्त. मग प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून मी मोबाइलवर वाचायला लागले.

यानाच्या एका कक्षाला भगदाड पडतं. भार्गव आत सापडतो, दरवाजे आपोआप बंद होतात. पलीकडे त्याची बहीण. हो, अभिरामनं त्याला एक बहीण दिली होती. दोघांमध्ये पोलादी भिंत, आणि भिंतीतून जाणारी एकच हवेची नळी. त्या नळीतून ती दोघं बोलतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलतात. बहीण म्हणते, मी वडिलांना बोलावते. भार्गव म्हणतो, ‘नको. त्यांना कळवू नकोस. ते तडक निघतील आणि एवढं अंतर त्यांना चालवणार नाही. मी बाहेर आलो की मीच सांगेन.’ मग हवा कमी होत जाते, आणि भार्गव लहानपणी वडिलांनी शिकवलेला एकोणतीसचा पाढा म्हणायला लागतो. वडील सांगायचे, अंधारात एकोणतीसचा पाढा म्हणायचा, तो इतका अवघड आहे की घाबरायला जागाच उरत नाही. साताला तो अडखळतो. दोनशे तीनच्या जागी दोनशे तेरा म्हणतो. पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. पुन्हा अडखळतो. आणि मग नळीतून आवाज येत नाही.

एकही शब्द त्यानं बदलला नव्हता. घाटातल्या त्या बोगद्याला यान म्हटलं होतं, एवढंच.

मी पुढचा तास सोडला आणि रिक्षानं घरी आले. दार उघडंच होतं. नाना संगणकासमोर बसलेले होते. चष्मा हातात होता आणि पडदा काळा पडलेला, पण ते त्याच्याकडेच बघत होते. मी चपला काढल्या. 

‘एकोणतीसचा पाढा,’ नाना म्हणाले, ‘आपल्या घराबाहेर कुणाला ठाऊक आहे?’

मी खाली बसले.

‘वृंदा, तो बोलत होता?’

‘हो.’

‘किती वेळ?’

‘मी पोचले तेव्हा बोलत होता. दिवस मावळेपर्यंत.’

‘कशातून?’

‘कॉम्प्रेसरची हवा जायची त्या पाइपातून. ढिगाऱ्यातून पाइप आत गेलेला होता. बाहेरून मशिन लावलं होतं, निघेल असंच वाटत होतं सगळ्यांना. त्यालाही. नंतर पुन्हा कोसळलं.’

नाना मान हलवत होते, हळूहळू, जणू मी त्यांना कुठल्यातरी गावाचा रस्ता सांगत होते.

‘आणि मला बोलावू नको असं तो म्हणाला.’

‘तुमचं ऑपरेशन झालं होतं. म्हणाला, नाना गाडी काढतील, घाट चढतील, त्यांना काही झालं तर? म्हणाला, बाहेर आलो की मीच फोन करतो. मी शब्द दिला होता नाना.’

‘अडीच तास लागतात तिथं जायला,’ नाना म्हणाले. ‘मी नंतर जाऊन आलोय. तुला सांगितलं नाही. अडीच तास. तो दिवसभर होता.’

‘नाना...’

‘तो काय सांगणार? अडकलेला पोरगा तो. तू बाहेर होतीस. तू मला विचारायचंस की, नाना, येताय का?’ त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ‘अख्खी नोकरी लोकांचे ट्रंककॉल जोडून देण्यात गेली माझी. कोण कुठली माणसं, रात्री-अपरात्री, कुणाचा बाप आजारी, कुणाची पोरगी बाळंत. मी जागेवरून उठायचो नाही कॉल लागेपर्यंत. मला एक जोडून द्यायला कुणी नव्हतं?’

 

हातातला चष्मा पुसत त्यांनी विचारलं, ‘साताला खरंच अडखळला?’

एकदा खोटं सांगून झालं होतं. ‘हो,’ मी म्हटलं. ‘प्रत्येक वेळी. आणि हसायचा.’

‘गाढव,’ नाना म्हणाले, आणि चष्मा डोळ्यांवर चढवला, पण दिसत काही नसणार.

अभिरामचा फोन तिसऱ्या दिवशी लागला. 

‘तू शब्द दिला होतास.’

‘मी नाव बदललंय, काळ बदललाय, जागा बदललीये, वृंदा. कुणाला कळणार?’

‘नानांना कळलं.’

 तो म्हणाला, ‘ते वाचतात हे मला माहीत होतं. पण त्यांना हे माहीत नाही, हे माझ्या डोक्यातून गेलं. खरंच गेलं. सॉरी.’

‘भाग काढून टाक.’

‘काढून? तू प्रतिसाद बघितलेस का? आजवर आपल्या कुठल्याही भागाला एवढे आले नाहीत. मंगळकर रडलाय! मंगळकर! तू आणि मी दोन वर्षं त्या माणसाकडून चांगला शब्द यायची वाट बघतोय. तुझ्या भावाला लोक इतकं प्रेम देतायत, आणि तू म्हणतेस, काढ?’

‘पाढा तरी काढ.’

‘पाढा काढला तर प्रसंगच पडतो गं,’ तो म्हणाला. अगदी कळवळून म्हणाला. ‘तुला कळतंय ना? तू लेखक आहेस.’

मी साइट चालवणाऱ्यांना लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. लेखन ज्यानं टाकलं त्यालाच ते काढता येतं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी नाना आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून संगणकासमोर बसले. मला हाक मारली नाही. मी मधून मधून दारातून बघत होते. एकेक अक्षर शोधणं, दाबणं, मागे रेलून वाचणं. जेवायला बोलावलं तर हातानंच थांब म्हणाले. त्यांचं झाल्यावर मी जाऊन बघितलं तोवर त्यांनी ते पाठवलेलं होतं. आता कुठे दाबायचं हे त्यांना माहीत होतं.

‘लेखकास नमस्कार. आपण भार्गवच्या मृत्यूचा भाग लिहिला तो वाचला. भार्गव हा माझा मुलगा. आपण जे लिहिले ते बहुतेक बरोबर आहे असे माझ्या मुलीकडून समजले. एक चूक आहे. वडिलांना एवढे अंतर चालवणार नाही असे आपण लिहिले आहे. ते बरोबर नाही. मला चालवले असते. मी आलो असतो. नळीशी बसून त्याच्याशी बोललो असतो. साताला अडखळला तेव्हा सांगितले असते की दोनशे तीन. तो ते म्हणाला असेल, पण ते खरे नव्हते, हे वाचणाऱ्यांना कळावे म्हणून तेवढी दुरुस्ती करावी ही विनंती. — नाना कराडकर.’

दुपारी ते जरा आडवे झाले. मी संगणकासमोर बसून राहिले, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक उत्तर येऊ लागलं.

‘काका!!! अंगावर काटा आला. पात्राचा बाप होऊन प्रतिसाद! काय कल्पना आहे!’

‘साष्टांग दंडवत, काका. मूळ भागापेक्षा भारी.’

‘लेखकांनो, शिका काहीतरी नानांकडून.’

आणि मंगळकर: ‘नाना, त्या दिवशी तुमची चेष्टा केली, माफी असावी. माझ्या मते हा प्रतिसादच या भागाचा खरा शेवट आहे. “मला चालवले असते” — या तीन शब्दांवर अख्खं यान ओवाळून टाकावं.’

 मी लिहिलं: ‘हे खरं आहे. हे माझे वडील आहेत. माझा भाऊ खरोखर असा गेला. कृपा करून थांबा.’

क्षणभर काही आलं नाही. मग आलं: ‘वृंदाताईपण उतरल्या! आता बहिणीची बाजू! काय जबरी चाललंय हे!’ त्याखाली टाळ्यांची चिन्हं. फक्त स्नेहांकिता बाईंनी मला खासगीत विचारलं, ‘हे खरंच का हो?’ मी हो म्हटलं. त्यांनी ‘देवा’ एवढंच लिहिलं आणि पुन्हा त्या कथेवर त्या कधी दिसल्या नाहीत.

संध्याकाळी अभिरामनं प्रतिसाद दिला. सगळं माहीत असलेल्या अभिरामनं. ‘आदरणीय नाना, आपल्या प्रतिसादानं कथेला नवीन परिमाण मिळालं. संपूर्ण लेखकगटातर्फे आभार.’

नाना उठून आले. ‘आली का उत्तरं?’

‘आली.’

‘वाच.’

‘नाना, नको.’

‘वाच गं.’

मी वाचलं. काही गाळून वाचायचा विचार होता, पण ते मागे उभे होते, चष्मा लावून. मी सगळं वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. त्यांना नीटसं कळलंच नाही, असं मला आधी वाटलं.

‘त्यांना आवडलं म्हणायचं,’ ते शेवटी म्हणाले.

‘हो.’

‘दुरुस्ती करतो म्हणालाय का तो?’

‘नाही.’

‘मग आवडून काय उपयोग?’

त्यानंतर मी त्या कथेत एक अक्षर लिहिलं नाही. कथा माझ्यावाचून चालली, आणखी मोठी झाली. नाना पुढचे भाग वाचत नव्हते. पण गुरुवारी, जेवण झाल्यावर, तो जुना भाग उघडून बघायचे आणि मला विचारायचे, ‘केली का गं दुरुस्ती?’ मी नाही म्हणायची. आमच्यात बाकीचं बोलणं होत राहिलं, दूध, वीजबिल, डॉक्टरांची तारीख. त्या दुपारचं बोलणं पुन्हा झालं नाही. त्यांनी मला माफ केलं की नाही हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारायचं धाडस केलं नाही. दुसऱ्या वर्षी थंडीत ते गेले. मी बाजूला होते. त्यांनी कुणाला बोलवायला सांगितलं नाही.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मध्यंतरी ‘अपरान्त’चं पुस्तक निघालं. अभिरामचा मेल आला होता. भार्गवच्या भागानंतर नानांचा प्रतिसाद स्वतंत्र पानावर छापावा अशी वाचकांची फार इच्छा आहे, तुझी परवानगी असावी. मी लिहिलं, प्रतिसाद छापायचा नाही, आणि ते वडिलांना चालवणार नाही वगैरे वाक्य काढ. त्याचं उत्तर आलं, पहिलं मान्य, दुसऱ्याला उशीर झाला, पुस्तक छपाईला गेलंय. ‘तुझ्या भावना समजू शकतो,’ असंही होतं.

साइटवर मात्र सगळं तसंच आहे. नवीन वाचक येतात, पहिल्या भागापासून वाचत त्या भागापाशी पोचतात आणि खाली नानांना काहीतरी लिहून जातात. ‘वा नाना.’ ‘नाना रॉक्स.’ कुणी बदाम टाकतं. मी उत्तर देत नव्हते.

गेल्या आठवड्यात कुणा नव्या मुलीनं लिहिलं, ‘नाना कराडकर, तुम्ही अजून इथे असाल तर प्लीज आणखी लिहा ना. तुमचं कॅरेक्टर सगळ्यांत भारी आहे.’

तिचं लिहिणं प्रेमाचं होतं. का कोण जाणे, माझा जुना पासवर्ड आठवून मी आत गेले आणि तिला उत्तर लिहिलं: ‘नाना गेले.’

ती तिथेच असावी. लगेच तिचं उत्तर आलं.

‘अरेरे! कुठल्या भागात?’